ब्रश दिला, बोलणे राहिले

कर्णबधिर मुलांच्या शाळेत दंतआरोग्याचा कार्यक्रम म्हटला की त्याचे स्वरूप ठरलेले असते. दंतमहाविद्यालयाचे विद्यार्थी येतात, प्लॅस्टिकचा मोठा जबडा टेबलावर ठेवून तो हातभर ब्रशने घासून दाखवतात, भिंतीवर तक्ते लावतात, मुलांचे दात तपासतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब देतात. या खटाटोपामागचे गृहीत असे, की मुलांना ऐकू येत नाही म्हणून सूचना पोचत नाहीत. सूचना डोळ्यांना दिसतील अशा केल्या की काम झाले. हे गृहीत सद्हेतूचे आहे, पण उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. ऐकणारी मुले तरी दातांची निगा कुठे सूचनांमधून शिकतात? ती शिकतात घरातल्या बोलण्यातून, वर्षानुवर्षे कानावर पडत राहणाऱ्या बोलण्यातून. बहिऱ्या मुलाच्या वाट्याला नेमके हेच बोलणे येत नाही. त्यामुळे त्याला दात घासायला शिकवणे हा मुळात भाषेचा प्रश्न ठरतो. तक्ते, चित्रफिती आणि मोठे जबडे हे त्या कामाचे साहित्य होऊ शकते. ते काम नव्हे.

१. ऐकणारे मूल कुठे शिकते

एखाद्या घरातली रात्रीची वेळ डोळ्यांसमोर आणावी. मूल जमिनीवर खेळत असते. आजी शेजारणीला सांगत असते, की दाढेच्या ठणक्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, शेवटी काढावी लागली. बाबा मोठ्या बहिणीवर चिडतात, की गोळी तोंडात ठेवून झोपू नको, मागच्या वर्षी काय झाले विसरलीस का. आई आतून ओरडते, चूळ भरली का नीट. मुलाला कोणी काही शिकवत नसते, तरी बरेच काही त्याच्या पदरात पडते. दात हळूहळू खराब होतो, आजच्या खाण्याचा आणि काही महिन्यांनंतरच्या ठणक्याचा संबंध असतो, मोठ्या माणसांचेही दात दुखतात, आणि दुखले तर सांगायचे असते. या सगळ्यावर चार वर्षांचे मूल उलट प्रश्नही विचारते आणि अर्धीमुर्धी का होईना, उत्तरे मिळवते.

बहिरे मूल त्याच खोलीत असते. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली आढळतात. आपल्याकडे चित्र याहून वेगळे असण्याचे कारण दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती, आणि त्यांतले बहुतेक अशा घरांत वाढले किंवा वाढत आहेत, जिथे खुणांची भाषा कोणालाच येत नाही. आई तोंडापुढे मूठ हलवते, मूल ब्रश घेते. एवढा संवाद होतो. या घरगुती खुणेत आज्ञा आहे, पण कारण नाही, उद्या नाही, ‘नाहीतर काय होईल’ नाही. आज्ञा देणारे माणूस समोर असेतो ती पाळली जाते, आणि कारण माहीत नसलेली गोष्ट कंटाळा आला की सुटते. हे कोणत्याही मुलाचे होईल.

हा फरक कानांचा आहे की संभाषणाचा, याचे उत्तर दुसऱ्या एका क्षेत्रातून मिळते. कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी १९९५ मध्ये बहिरेपण, संभाषण आणि दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता यांवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. ऐकणाऱ्या घरांत वाढलेली बहिरी मुले, दुसऱ्याला काय वाटत असेल हे ओळखण्याच्या साध्या चाचण्यांत आपल्या वयाच्या मुलांपेक्षा मागे पडत होती. पुढच्या अभ्यासांनी दाखवले, की खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांच्या बहिऱ्या मुलांमध्ये ही पिछाडी दिसत नाही. दोन्ही गटांतल्या मुलांना ऐकू येत नाही. वेगळेपण एवढेच, की एका गटाच्या घरात पहिल्या दिवसापासून त्यांना कळेल अशी बडबड चालू असते. दातांच्या बाबतीतला माझा युक्तिवाद याच पायावर उभा आहे.

२. चित्र आपोआप बोलत नाही

‘बहिऱ्यांना चित्रे दाखवा’ या सल्ल्यात एक चूक दडलेली आहे. चित्राचा अर्थ चित्रात नसतो, चित्राभोवतीच्या बोलण्यात असतो. चॉकलेटवर लाल फुली मारलेला तक्ता घ्या. कधीच खाऊ नको, रात्री खाऊ नको, खाल्ल्यावर चूळ भर, की ही वस्तू वाईट आहे? ऐकणाऱ्या मुलाला बाई सांगतात आणि फुलीचा अर्थ लागतो. बहिऱ्या मुलाच्या हाती फक्त फुली उरते, आणि वाढदिवसाला तेच चॉकलेट शाळेत वाटले जाते. कुदळी घेऊन दात खणणारे किडे हे दुसरे आवडते चित्र. असे किडे तोंडात कधी दिसत नाहीत, म्हणून मूल एक तर घाबरते किंवा सारे खोटे समजते. तक्त्याखालच्या मराठी ओळींचा भरवसा धरू नये. जी भाषा कधी ऐकली नाही तिची लिपी वाचणे या मुलांना फार जड जाते.

शिवाय जे सर्वांत महत्त्वाचे आहे ते चित्रात उतरतच नाही. दातावरच्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. म्हणून दिवसभरात गोड किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू आणि दुपारभर थोडा थोडा चघळलेला चिकट बिस्किटाचा पुडा यांतला फरक वारंवारतेचा आहे, काळाचा आहे. ‘जर’, ‘तर’, ‘दर वेळी’, ‘त्यानंतर’ ही भाषेची कामे आहेत. खुणांच्या भाषेत ती उत्तम होतात. फुलीत होत नाहीत.

हे ज्ञान आपल्याला कुठून मिळाले तेही या विषयात सांगितलेच पाहिजे. स्वीडनमधल्या लुंड गावाजवळच्या विपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. अनेकांचे दात नासले. दोन जेवणांच्या मधल्या वेळात खाल्लेले चिकट गोड दातांना सर्वांत घातक, हा निष्कर्ष तिथून आला. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. अपंग व्यक्तींच्या तोंडांतून मिळालेले हे ज्ञान आज दुसऱ्या अपंग मुलांपर्यंत नेताना त्यांना कारण सांगायचेच नाही, फक्त कृती करवून घ्यायची, हे मला नैतिकदृष्ट्याही मान्य नाही.

३. डोळे एका वेळी एकच काम करतात

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ, कारण खरी अडचण इथे सर्वांत स्पष्ट दिसते. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता उगवते, म्हणून पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. उगवताना ती शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगणी असते. सरळ पुढेमागे फिरणारा ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिच्यापर्यंत पोचायला तोंड थोडे मिटून, गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घालावा लागतो. ही दाढ जन्मभर टिकायची आहे, आणि कीडही तिलाच लवकर लागते.

ऐकणाऱ्या मुलाला हे शिकवताना आई मागे उभी राहते, त्याच्या हातावर हात ठेवते, दोघे आरशात बघतात, आणि आईचा आवाज चालू असतो: अजून मागे, अजून थोडे, हं, तिथेच. डोळे आरशात, कान आईकडे, हात कामात. बहिऱ्या मुलाच्या बाबतीत आवाजाचे काम डोळ्यांवरच येते, आणि डोळे आधीच आरशात गुंतलेले असतात. ते शिक्षिकेच्या हातांकडे वळले की दाढ सुटते, दाढेकडे वळले की भाषा सुटते. शिक्षिकेचेही तसेच. एका हातात ब्रश, दुसऱ्यात जबड्याची प्रतिकृती, मग खुणा करायच्या कशाने? ओठवाचनावर तर इथे मुळीच विसंबता येत नाही. प, ब, म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, क आणि ग दिसतच नाहीत, आणि तोंडात ब्रश धरून दाखवणाऱ्याचे ओठ वाचणे केवळ अशक्य आहे.

याचा अर्थ असा, की बोलणे आणि करणे एकाच वेळी चालवायची ऐकणाऱ्यांची रीत इथे मोडून ठेवली पाहिजे. आधी हात रिकामे करून सांगायचे. मग थांबायचे आणि करून दाखवायचे. मग मुलाने करायचे, तेव्हा काही सांगायचे नाही. मग ब्रश खाली ठेवून पुन्हा बोलायचे. खांद्यावर थाप देऊन किंवा दिवा उघडझाप करून लक्ष वेधायचे, मुलांना अर्धवर्तुळात बसवायचे, म्हणजे एकमेकांचे हात दिसतात. यात वेळ जातो, आणि तो दिला नाही तर शिकवणे होत नाही. सभागृहात सगळी शाळा बसवून, व्यासपीठावर दुभाषी उभा करून, बाजूला जबडा घासून दाखवणारा कार्यक्रम म्हणूनच फसतो. मुलांना दोघांपैकी एकाकडेच बघता येते.

दृश्य साधनांवर माझा राग नाही. त्यांची निवड या कसोटीवर व्हावी, की साधन संभाषण सुरू करते की बंद करते. दातावरचा थर गुलाबी रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. मूल घासते, मग गोळी चावते, आरशात बघते, आणि मागच्या दाढेवर रंग उरलेला दिसतो. आता ते स्वतः शिक्षिकेकडे वळून विचारते, हे काय, इथे का, मी तर घासले होते. प्रश्न मुलाकडून आला की हवे ते शिक्षण सुरू होते. मात्र उत्तर देणाऱ्याला खुणांची भाषा येत नसेल तर तो प्रश्नही हवेत विरतो.

४. आधीच थकलेले तोंड

या मुलांच्या तोंडाला एक इतिहासही आहे. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी बोलण्यातूनच शिकवण्याचा ठराव केला आणि जगभरच्या अनेक शाळांनी मुलांचे हात आवरले. २०१० मध्ये व्हँकूवरला भरलेल्या अशाच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला, पण सवयी ठरावांनी जात नाहीत. आपल्या विशेष शाळांतही वाचाउपचाराच्या तासाला मुलाला आरशासमोर बसवतात, जीभ कुठे लावायची ते दाखवतात, गळ्यावर हात ठेवून कंप जाणवून देतात, उच्चार चुकला की पुन्हा करायला लावतात. वाचाउपचार टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलाचे तोंड सतत दुरुस्तीच्या नजरेखाली असते, त्याला त्याच आरशासमोर आणखी एक ‘असे नको, तसे कर’ मिळाले, तर ते तोंड घट्ट मिटून घेईल. दातांचा धडा परीक्षेच्या सुरात येऊ नये, याला या मुलांच्या बाबतीत दुप्पट महत्त्व आहे.

५. खुर्चीत बसलेल्या मुलाला कोण विचारते

भारतातल्या निरनिराळ्या शहरांतल्या विशेष शाळांच्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार आढळली आहे: कीड असणे आणि तिच्यावर उपचार न झालेले असणे. उपचार का होत नाहीत, याचे एक कारण गरिबी, दुसरे दंतवैद्याची खुर्ची. खुर्ची मागे झुकते, डोळ्यांवर दिवा येतो, डॉक्टर डोक्यामागे जातात, तोंडावर मास्क असतो. मूल एका क्षणात साऱ्या संपर्कातून तुटते. डोके टेकले की श्रवणयंत्र शिट्टी मारू लागते, आणि पूर्वसूचनेशिवाय ड्रिलचा कंप हाडात उतरतो. बालदंतवैद्यकात हॅरॉल्ड ॲडेलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत आजही पाया मानली जाते. बहिऱ्या मुलाच्या वाट्याला तिच्यातले ‘सांगा’ बहुधा येतच नाही. दुखले तर कोणती खूण करायची आणि ती केली की डॉक्टर नक्की थांबणार, एवढा करार खुर्ची झुकण्याआधी, मास्क काढून, समोरासमोर व्हायला हवा. याला पैसे लागत नाहीत.

बहुतेक वेळा डॉक्टर आईला विचारतात आणि आई अंदाजाने उत्तर देते. कुठे दुखते, कधीपासून, थंडाने की गरमाने, रात्री की चावताना, ही उत्तरे फक्त मुलाकडे असतात. ती सांगण्याची भाषा त्याला आधी मिळालेली असेल तरच उपचार अचूक होतो. दात घासण्याच्या शिक्षणात दुखणे सांगण्याचे शिक्षण धरलेच पाहिजे, असा माझा आग्रह यासाठी आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ब्रश फिरवणे ही हाताची कला आहे. ती बघून येते, तिला तत्त्वज्ञान कशाला? हाताची कला बघून येते, हे खरे. म्हणूनच शाळांमध्ये मोजक्या आठवड्यांच्या प्रयोगांत चित्रफीत किंवा खुणा वापरल्या की दातांवरचा थर कमी झालेला दिसतो. पण कीड वर्षांच्या हिशेबाने लागते. शिक्षक पाठमोरे झाल्यावर, सुट्टीत, मोठेपणी नोकरीच्या गावी, जिथे कोणी बघत नाही तिथे हात का उठतो? कारण पटलेले असते म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. ऐकणाऱ्या मुलांना सगळी भाषा मिळते, तरी त्यांचेही दात किडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. एलिझाबेथ के आणि डेव्हिड लॉकर यांनी १९९० च्या दशकात दंतआरोग्य शिक्षणाच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा माहिती वाढते, थर काही काळ कमी होतो, पण कीड कमी होते ती मुख्यतः फ्लोराइडमुळे, असे दिसले. हा आक्षेप मी बराचसा मान्य करते. बहिऱ्या मुलांना फ्लोराइडयुक्त पेस्ट मिळालीच पाहिजे, वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकावे, पण पाण्याने खळखळून सगळी धुऊन टाकू नये. आणि इथेच भाषा परत येते. आपल्या घरांत वर्षानुवर्षे चूळ भरण्याचा आग्रह चालत आला आहे, आणि आता त्याच्या उलट सांगायचे आहे. ऐकणाऱ्या मुलाला हा बदल एका वाक्यात समजावता येतो. ज्याच्याशी वाक्य बोलता येत नाही, त्याला रूढ सवयीचा अपवाद कसा समजावणार? ग्रामीण महाराष्ट्रात मिसरी लावून दात घासणाऱ्या आईला बघून शिकणाऱ्या मुलीचे तर आणखी कठीण. डोळ्यांना दिसते ते, की आई दात घासते आहे. त्या काळ्या पुडीत तंबाखू आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ‘बघून येते’ या मताची मर्यादा याहून स्पष्ट कुठे दिसणार?

तिसरा आक्षेप: कॉक्लियर इम्प्लांटने हा प्रश्नच मिटेल. काहींचा सौम्य होईल, सर्वांचा नाही. आणि दात घासताना, अंघोळीच्या वेळी, झोपताना इम्प्लांटचे कानाबाहेरचे यंत्र बहुधा काढून ठेवलेले असते.

चौथा: माणसे कुठून आणायची? भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून काम करते आहे, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, आणि बहिऱ्या व्यक्तींनाच ही भाषा शिकवण्यासाठी तयार करणारी पदविकाही आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने शाळांत खुणांच्या भाषेला स्थान दिले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ती देशभर प्रमाणित करण्याचे म्हटले. शिकलेल्या बहिऱ्या तरुण-तरुणी आहेत. त्यांना दंतआरोग्याचे थोडे प्रशिक्षण देणे, दंतवैद्याला खुणांची भाषा पूर्ण शिकवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. शिवाय मोठे झालेले बहिरे माणूस आपल्या दातांची काळजी घेते, हे ज्या मुलांनी कधी पाहिलेले नसते, त्यांना ते दिसते.

७. नळाशी कोण उभे असते

महाराष्ट्रातल्या अनेक कर्णबधिर शाळा निवासी आहेत. सकाळी आणि रात्री नळाशी मुलांबरोबर शिक्षक नसतात, दंतवैद्य तर नाहीच. तिथे असते वसतिगृहातली काळजीवाहक. आपल्या सगळ्या कार्यक्रमांत तिचा विचारच नाही. तिला खुणांची भाषा येते का, हा तिच्या नेमणुकीचा निकष व्हायला हवा, आणि त्या जागांवर बहिऱ्या व्यक्तींना प्राधान्य मिळायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत श्रवणदोषही आहे आणि दातांची कीडही. पण एका मुलात दोन्ही असतील तर त्याला त्याच्या भाषेत कोण समजावणार, हे कोणाचेच काम नाही. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, तपासणी आरोग्य विभागाकडे. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. या दोन विभागांनी एकत्र बसून ठरवण्यासारखी ही गोष्ट आहे.

घराचे कामही शाळेने उचलावे लागेल. पालक जूनमध्ये मुलाला सोडायला येतात, दिवाळीला न्यायला येतात. त्या दोन भेटींत फॉर्म भरून घेण्याबरोबर आईवडिलांना ‘दुखते का’, ‘कुठे’, ‘कधीपासून’, ‘का’, ‘उद्या’, ‘दर वेळी’ एवढ्या खुणा तरी मुलाच्याच हातून शिकवाव्यात. आणि कार्यक्रमाचे मोजमाप करताना दातांवरचा थर मोजण्याबरोबर प्रत्येक मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात: तुझी कोणती दाढ जन्मभराची आहे, रात्री घासल्यावर काही खायचे का नाही, आणि दात दुखला तर तू कोणाला, कसे सांगशील. ज्या शाळेतली मुले याची उत्तरे आपल्या हातांनी देऊ शकत नाहीत, तिथे कितीही ब्रश वाटले गेले असले तरी अहवालात ‘प्रशिक्षण पूर्ण’ असे लिहू नये.